सूर पाच, भाव किती?

जपानमध्ये वसंत आला की चेरीची झाडं फुलांनी लगडतात. पूर्ण बहर टिकतो जेमतेम आठवडाभर! या फुलांना तिथे म्हणतात ‘साकुरा’. त्यांच्यावरचं ‘साकुरा साकुरा’ हे जुनं गाणं जपानमध्ये लहानथोर सगळ्यांना ठाऊक असतं. युकिजिरो योको या जपानी संगीतकाराने त्याची चाल घेऊन क्लासिकल गिटारसाठी रचना केली, ‘साकुरा व्हेरिएशन्स’. जॉन विल्यम्ससारख्या नामवंत गिटारवादकानेही ती वाजवली आहे. तिच्यात मूळ चाल एकच, पण ती दर वेळी नवं रूप घेऊन येते. कधी ती शांत वाटते, कधी हुरहूर लावते, तर कधी झुळझुळ वाहायला लागते. चाल तीच, मग भाव कसा बदलतो?

चला, आधी सूर शोधू. घरात किंवा शाळेत पेटी असेल तर ती उघडा. दोन काळ्या पट्ट्यांची जोडी दिसते ना? तिच्या लगेच डावीकडची ती पांढरी 1. तिथून उजवीकडे पांढऱ्या पट्ट्या मोजत जा. आता पांढरी 3 ला सा माना आणि वाजवा: पांढरी 3, 4, 6, 7 आणि पुढच्या सप्तकातली 1. झाले की या गाण्याचे पाच सूर! सा, कोमल रे, म, प, कोमल ध. आपल्याकडे गुणक्री नावाचा सकाळचा राग आहे, त्यातही हेच पाच सूर असतात. जपान केवढा लांब, पण सूर ओळखीचे निघाले!

त्यांच्यातली अंतरंही बघा. सा आणि कोमल रे अगदी शेजारी, पण तिथून म पर्यंत लांब उडी. प आणि कोमल ध पुन्हा शेजारी, आणि वरच्या सा पर्यंत पुन्हा तेवढीच लांब उडी. या जवळ-लांबच्या नक्षीमुळेही ही चाल हळवी वाटू शकते.

आता पट्टी, म्हणजे सा कुठल्या सुरावर धरायचा ते. गिटारला सहा तारा. कुठेही बोट न दाबता छेडल्या, तर नेहमीच्या जुळणीत त्यांतल्या चार तारा आपल्या पाच सुरांपैकीच बोलतात: दोन तारा सा, एक म, एक प. मोकळी तार छान घुमते. शिवाय एका तारेवर सा वाजवला की दुसरी सा ची तार कुणी हात न लावताही थरथरू लागते! याला म्हणतात अनुनाद. सा दुसऱ्या पट्टीत नेला तर चाल तीच राहते, पण हा घुमारा बदलतो.

आणि लय? ती मोजतात मिनिटाला किती ठोके पडतात यावर. 60 ठोके म्हणजे सेकंदाला एक. गिटारची तार एकदा छेडली की आवाज लगेच ओसरायला लागतो. संथ लयीत हे ओसरणं स्पष्ट ऐकू येतं, म्हणून चाल शांत किंवा थोडी उदास वाटू शकते. मग लांबलचक सूर कसा धरायचा? त्यासाठी वादक ‘ट्रेमोलो’ वाजवतात. अंगठा खालचा, जाड आवाजाचा सूर छेडतो आणि तीन बोटं पाठोपाठ एकाच तारेवर पडतात, सेकंदाला साधारण 8-10 आघात! पहिला आवाज विरायच्या आत दुसरा हजर. आपल्या कानाला वाटतं, सूर अखंड वाहतोय.

म्हणजे भाव एकट्या सुरांत नसतो. सूर, पट्टी, लय आणि वाजवण्याची तऱ्हा मिळून तो घडतो. हे तुम्हीच तपासा. त्या पाच सुरांची एक छोटी चाल बनवा. आधी मिनिटाला 60 ठोक्यांनी वाजवा, मग 120 ने. दुसऱ्या वेळी फक्त पट्टी बदला, तिसऱ्या वेळी फक्त आवाजाचा जोर. प्रत्येक वेळी घरातल्या तिघांना विचारा, ‘काय वाटलं?’ आणि उत्तरं वहीत लिहा. अट एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत अगदी असंच करतात. तिघांची उत्तरं वेगळी आली तर ती खोडू नका, कारण ऐकणाऱ्याचं मनही या प्रयोगात भाग घेत असतं!