४१४० बाइटांतला तंबोरा

माझा भाचा सांगलीत बँजो पार्टीत की-बोर्ड वाजवतो. लग्नसराईत वराती, गणपतीत मिरवणुका आणि एरवी जमेल तेव्हा भजनी मंडळाची साथ. त्याने जुना सिंथेसायझर घेतला. त्यात आपल्याला हवी ती लाट बाहेरून भरता येते, म्हणून तो मला म्हणाला, "आत्या, मिरजेच्या तंबोऱ्याचा आवाज एका फाइलीत बसवून दे की." मी कराडला डिप्लोमाच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. त्यामुळे घरात इस्त्री बिघडली तरी आणि तंबोरा हवा असला तरी फोन मलाच येतो.

त्याला जी फाइल हवी होती, ती फारच लहान असते. काळी एकला लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज सेकंदाला साधारण ६९.३ वेळा कंप पावतो, म्हणजे एका कंपनाला जेमतेम १४.४ मिलिसेकंद. या एवढ्याशा वेळात हवेचा दाब कसा वरखाली होतो, त्याचा आलेख म्हणजे लाटेचं एक आवर्तन. सिंथेसायझर तेवढंच साठवतो आणि पुन्हा पुन्हा वाचत राहतो. रांगोळीचा रूळ फिरवला की तीच नक्षी जमिनीवर उमटत जाते, तसं. भरभर वाचलं की स्वर वर जातो, सावकाश वाचलं की खाली येतो. बऱ्याच यंत्रांत हे आवर्तन २०४८ आकड्यांचं असतं. प्रत्येक आकड्याला दोन बाइट, वर फाइलीच्या मथळ्याचे ४४. एकूण ४१४० बाइट. व्हॉट्सअ‍ॅपवरचा 'सुप्रभात'चा फोटोसुद्धा याच्या कितीतरी पट मोठा असतो.

ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ मध्ये संगणकाकडून सूर वाजवून घेतले आणि पुढच्याच वर्षीच्या आवृत्तीत आवर्तनाचे आकडे तक्त्यात ठेवून वाचायची पद्धत आणली. १९७९ मध्ये सिडनीहून फेअरलाइट नावाचं महागडं यंत्र आलं. त्याच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने लाट हाताने काढता यायची. तेव्हापासून असल्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये एक पेन्सिल असते: काढा रेघ, ऐका आवाज.

मी प्रोग्रॅम लिहायला घेतला तेव्हा पहिला निर्णय हाच केला की त्यात पेन्सिल ठेवायची नाही. डोळ्याला जे दिसतं आणि कानाला जे कळतं, त्यांचा इथे फारसा मेळ नाही. गुळगुळीत रेघेवर बारीकसा टोकदार खाचा आला की दिसायला तो किरकोळ, पण आवाजात किरकिर शिरते. उलट दोन लाटांपैकी एक डोंगरासारखी आणि एक विस्कटलेली दिसते, तरी वाजवल्यावर दोन्ही जवळपास सारख्या लागतात. याचं कारण फ्रान्सच्या फूरिए यांनी १८२२ च्या ग्रंथात मांडलेल्या गणितात आहे. पुन्हा पुन्हा येणारी कुठलीही लाट साध्या लाटांची बेरीज असते, आणि त्या साध्या लाटांची कंपनं मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशी पूर्ण पटींतच असतात. यांना हार्मोनिक म्हणतात. कोणता हार्मोनिक किती जोरात, यावर आवाजाचा रंग ठरतो. ते एकमेकांच्या किती पुढे-मागे सुरू होतात, याने आलेखाचा चेहरा साफ बदलतो, कानाला मात्र क्वचितच कळतं. अगदी खालच्या खर्जात सराईत कानाला थोडा पोत बदललेला जाणवतो, तेवढंच.

म्हणून माझ्या प्रोग्रॅममध्ये पडद्यावर ६४ उभ्या पट्ट्या आहेत. एकेक पट्टी एकेका हार्मोनिकची, खालीवर सरकवायची. पट्ट्यांच्या खाली मी स्वरांची नावं लिहिली. पहिला सा, दुसरा वरचा सा, तिसरा पंचम, चौथा पुन्हा सा, पाचवा गंधार, सहावा पंचम, सातवा कोमल निषादापेक्षा जरा उतरलेला, आठवा सा. गाणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. चांगल्या लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तोच हा पाचवा. ६९.३ ची पाचपट ३४६.५. भाच्याच्या की-बोर्डवर तोच गंधार दाबला तर ३४९.२ येतो, कारण तिथे सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात. पावणेतीन कंपनांचा हा फरक तंबोऱ्याशेजारी की-बोर्ड ठेवला की टोचतो.

याच फरकापायी आमच्या भागात शंभर वर्षांपूर्वी मोठा खटाटोप झाला. कृ. ब. देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी बावीस श्रुतींचं गणित मांडणारं इंग्रजी पुस्तक १९१० मध्ये काढलं. ई. क्लेमंट्स हा आय.सी.एस. साहेब त्यांना सामील झाला. पुढे मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी या प्रयोगांना आपला गळा दिला. क्लेमंट्सने लंडनहून खास श्रुतींची हार्मोनियम करवून आणली. १९१६ मध्ये बडोद्याच्या संगीत परिषदेत ती लोकांपुढे ठेवली, तेव्हा जमलेल्या कलावंतांना ती काही पटली नाही. त्या वादात कोण किती बरोबर, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. मला त्यातली गंमत एवढीच वाटते की ज्या शुद्ध गंधारासाठी त्यांनी पितळी पत्त्या घासून घेतल्या, तो एका आवर्तनाच्या लाटेत आपोआप, फुकट आणि बिनचूक येतो. तिथे पूर्ण पटीखेरीज दुसरं काही राहूच शकत नाही.

आता तंबोरा. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत दुकानांपुढे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे रचलेले असतात आणि आत कानशीचा आवाज चालू असतो. एकोणिसाव्या शतकात मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने फरीदसाहेब या शिकलगार कारागिराने इथे तंतुवाद्यं करायला सुरुवात केली. हत्यारांना धार लावणारी बोटं तारांकडे वळली, आणि त्यांच्या घराण्यांतून हा धंदा आजवर चालला आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

या वाद्याचा सगळा जीव जवारीत. तार जिच्यावरून जाते ती घोडी सपाट नसते, तिला अगदी हलका बाक असतो. तार हलते तेव्हा त्या बाकावर घासत, टेकत-सुटत राहते. तारेखाली सुताचा दोरा सरकवून कारागीर ती नेमकी जागा शोधतो. अब्दुल करीम खाँसाहेबांना स्वतःला या कामात चांगली गती होती. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये कलकत्त्याहून लिहिलेल्या निबंधात यातली विचित्र गोष्ट दाखवली. साधी तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा असे सम हार्मोनिक उमटायला नकोत, कारण त्यांचा न हलणारा बिंदू तिथेच असतो. तंबोऱ्यात ते तरीही ठणठणीत वाजतात. बाकदार घोडी आणि तो दोरा मिळून ऊर्जा एका हार्मोनिकमधून दुसऱ्यात ढकलत राहतात. मी प्रोग्रॅममध्ये 'तार कुठे छेडली' अशी एक सरकपट्टी दिली आहे. ती साध्या तारेचं सूत्र वापरते, गिटारसारख्या आवाजाला ती उत्तम. तंबोऱ्यासाठी ती बंद ठेवावी लागते.

मग खरा तंबोरा मुद्रित केला आणि खर्जाच्या एकाच छेडीतून वेगवेगळ्या क्षणांची आवर्तनं कापली. कापतानाच पहिली अडचण. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर एका कंपनात ६३६.४ नमुने येतात, पूर्ण संख्या नाही. त्यामुळे आवर्तन ताणून २०४८ वर बसवावं लागतं, सुरुवात शून्यावर आणावी लागते, आणि शेवटचा आकडा पहिल्यासारखाच ठेवायचा नसतो, नाहीतर एक बिंदू दोनदा वाचला जातो. ही झाली हमाली. ती प्रोग्रॅम एका बटणात करतो.

दुसरी अडचण हमालीची नव्हती. छेडल्या क्षणीचं आवर्तन, थोड्या वेळाने घेतलेलं आवर्तन आणि विरत जाणाऱ्या सुरातलं आवर्तन यांच्या पट्ट्या शेजारी ठेवल्या तर वाद्य एकच आहे असं वाटत नाही. आधी वरचे हार्मोनिक तळपतात, मग तो झोत हळूहळू खाली उतरत जातो. आपण ज्याला तंबोऱ्याचा झंकार म्हणतो, तो म्हणजे हे उतरणं. यातलं कुठलंही एकच आवर्तन उचलून फिरवलं की हार्मोनियमची खराब पट्टी वाजल्यासारखं होतं. सगळे हार्मोनिक जागच्या जागी, आकडे बरोबर, आणि तरी तो तंबोरा नव्हे.

त्यावरचा उपाय हॅम्बुर्गच्या वोल्फगांग पाम यांनी आधीच करून ठेवला होता. त्यांच्या १९८१ च्या पीपीजी वेव्ह २ मध्ये एकेका तक्त्यात ६४ आवर्तनं ओळीने असत आणि यंत्र एकातून दुसऱ्यात सरकत जाई. मी तेच केलं: एका छेडीची ६४ आवर्तनं एकामागोमाग. इथे मघाची कान-डोळ्याची विसंगती कामी येते. शेजारची दोन आवर्तनं एकमेकांत मिसळताना त्यांतले हार्मोनिक उलटसुलट सुरू होत असतील तर ते एकमेकांना खाऊन टाकतात आणि मध्येच आवाज पोकळ होतो. म्हणून प्रोग्रॅम चौसष्टही आवर्तनांत प्रत्येक हार्मोनिकची सुरुवात एकसारखी करतो. आलेख बदलतो, झंकार शाबूत राहतो.

वरच्या पट्टीत आणखी एक पथ्य. ४४,१०० नमुन्यांत २२,०५० च्या वरचं कंपन मावत नाही. जास्तीचे हार्मोनिक दुमडून खाली येतात आणि बेसूर शिट्ट्या ऐकू येतात. ११०९ कंपनांच्या वरच्या सा ला १९ हार्मोनिकच परवडतात, म्हणून प्रत्येक सप्तकासाठी लाटेची वेगळी, छाटलेली प्रत ठेवायची. जोडीच्या दोन तारांसाठी तीच लाट दोनदा वाजवायची, एक अर्ध्या कंपनाने चढी. दोन सेकंदांनी येणारी ती लहर सुरेख लागते, खऱ्या जोडीपेक्षा जरा जास्तच शिस्तशीर.

भजनाच्या साथीला हे पुरेसं आहे, असं माझं मत. रियाजाला नाही. चार तारा एकाच भोपळ्यावर बसून एकमेकींना जे हलवतात, ते या ६४ आवर्तनांत नाही, आणि ज्याच्याकडे मिरजेपर्यंत जायची सवड आणि पैसे आहेत त्याने खरा तंबोराच घ्यावा.

ज्यांना हे करून पाहायचं आहे त्यांना काही विकत घ्यायला नको. आजच्या कुठल्याही ब्राउझरमध्ये हार्मोनिकचे आकडे देऊन लाट वाजवायची सोय असते, त्याला 'पीरिऑडिक वेव्ह' म्हणतात. पहिल्या आठ हार्मोनिकपासून सुरुवात करा, पाचवा वाढवून गंधार ओळखू येतो का पाहा. फक्त हेडफोन लावून ऐका. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून ६९ कंपनांचा खर्ज मुळात बाहेरच पडत नाही. जो ऐकू आल्यासारखा वाटतो, तो वरच्या हार्मोनिकवरून मेंदूने जुळवलेला असतो.