डाळिंब, दाढी आणि दंड

१५४५च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये ब्राँझिनो हा चित्रकार तिथल्या ड्यूकच्या पत्नीचं चित्र रंगवत होता. त्याच साली दों जुआंव द कास्त्रो पोर्तुगिजांचा गव्हर्नर म्हणून गोव्यात उतरला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध नाही. पण त्या शतकातलं युरोपीय व्यक्तिचित्र वाचायचं कसं, हे पहिलीवरून शिकता येतं. आणि ती रीत आपल्या भूमीत येऊन काय झाली, ते दुसरीवरून.

ब्राँझिनोचं ते चित्र आज उफ्फिझी संग्रहालयात आहे. एलेओनोरा दि तोलेदो बसलेली आहे, शेजारी तिचा लहानगा जोव्हान्नी, त्याच्या खांद्यावर तिचा हात. पाहणाऱ्याची नजर तिच्या चेहऱ्यावर ठरत नाही, लगेच खाली झग्यावर येते. पांढऱ्या साटीनवर काळ्या मखमलीची वेलबुट्टी, मधूनमधून जर, आणि बरोबर छातीच्या मध्यावर एक मोठं डाळिंब. धागा न् धागा दिसावा इतक्या निगुतीने रंगवलेलं. डाळिंब म्हणजे दाण्यांनी भरलेलं फळ, वंशवृद्धीची खूण. एलेओनोराला अकरा मुलं झाली. एका सालीखाली अनेक दाणे म्हणजे एका सत्तेखाली अनेक माणसं, असाही त्याचा अर्थ लावतात. मागची निळाई लाजवर्दाची, डोक्याभोवती किंचित उजळलेली. देवीच्या मूर्तीमागे प्रभावळ असावी तशी ती दिसते, आणि तो योगायोग नव्हे. या झग्याचा दबदबा एवढा, की तिला त्याच झग्यात पुरलं असं लोक कैक वर्षं मानत आले. प्रत्यक्षात थडग्यातून निघालेला पोशाख वेगळाच होता.

चेहरा मात्र हस्तिदंती, थंड. डोळ्यांत ना आनंद ना दुःख. नवख्या प्रेक्षकाला वाटतं, चित्रकाराला भाव जमले नाहीत. मला वाटतं, हा थंडपणा हेच त्या चित्राचं मर्म आहे. १५१९मध्ये लिओनार्दो गेला, १५२०मध्ये राफाएल. निसर्गाशी तंतोतंत जुळणारं, प्रमाणबद्ध चित्र त्या पिढीने साधून दाखवलं होतं. पुढच्यांनी मग प्रमाणच ताणलं: लांब बोटं, लांब मान, पिळवटलेली ठेवण, गुळगुळीत कातडी. यालाच मॅनरिझम म्हणतात, मराठीत रीतिलाघववाद. पार्मिजानिनोच्या मरियमेची मान तर हंसालाही लाजवेल. ही शैली राजदरबारांना मानवली, कारण दरबारात माणसाने मन दाखवायचं नसतं, पद दाखवायचं असतं. चेहरा गप्प बसला की कपडे, हात, कुत्रा, पुस्तक, फळ यांना बोलावं लागतं.

पोर्तुगालचा तरुण राजा सेबाश्तियांव याचं १५७१चं चित्र लिस्बनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. क्रिस्तोव्हांव द मोराइशने तो चिलखतात उभा केला आहे, शेजारी निष्ठेची खूण म्हणून शिकारी कुत्रा. सात वर्षांनी हाच राजा मोरोक्कोच्या रणात नाहीसा झाला.

आता गोवा. कास्त्रोच्या मनात आलं, की आपल्या आधी होऊन गेलेल्या सगळ्या गव्हर्नरांची आणि व्हाइसरॉयांची पूर्णाकृती चित्रं राजवाड्यात लावावीत. हे १५४७च्या आसपासचं. अडचण उघड होती: १५०५मध्ये आलेला पहिला व्हाइसरॉय आल्मेदा आणि १५१०मध्ये गोवा घेणारा अल्बुकर्क कधीच वारले होते. मग गास्पार कोरिया पुढे आला. हा बखरकार १५१२पासून हिंदुस्थानात होता, अल्बुकर्कच्या पदरी लेखनिक म्हणून राहिलेला, आणि त्याचा हातही चित्राला वळलेला. त्याने आठवणीतून माणसं रेखली आणि ती रंगवली एका इथल्याच चित्रकाराने. कोरिया त्याच्या उपजत गुणाची तारीफ करतो, ‘या भूमीतला माणूस’ म्हणतो, आणि नाव मात्र लिहीत नाही. बारा-तेरा साहेबांची नावं, पदव्या, कुलचिन्हं जपून ठेवणाऱ्या त्या दफ्तरात ज्याने कुंचला धरला त्याला जागा मिळाली नाही, याची मला मनापासून चीड येते. पुढे १५६७च्या गोव्यातल्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती पूजेच्या प्रतिमा हिंदू कारागिरांकडून करवून घ्यायला मनाई केली, तेव्हा तर इथल्या हातांवरचा संशय लेखीच झाला.

न पाहिलेल्या, मेलेल्या माणसाचं चित्र काढायचं तर चेहऱ्यावर भिस्त ठेवून चालत नाही. आमच्या सानगडीत, झाडीपट्टीतल्या कुठल्याही गावासारखंच, माजघराच्या दारावर लावलेले पूर्वजांचे किती तरी फोटो माणूस गेल्यावर केलेले असतात. लग्नाच्या घोळक्यातून चेहरा उचलायचा, स्टुडिओवाल्याकडे द्यायचा, तो अंगात कोट आणि डोक्याला फेटा चढवून देतो. आजोबांनी जन्मात कोट घातलेला नसतो, पण घरात कोणी त्याला खोटं म्हणत नाही. तो मानाचा कोट असतो. गोव्याच्या दालनातली चिलखतं आणि हातातले अधिकारदंड याच जातीचे आहेत. वर कोपऱ्यात कुलचिन्ह, खाली नाव आणि कारकीर्द सांगणारी अक्षरं. हे सगळं जुळलं की व्हाइसरॉय उभा राहिला.

दाढीकडे मात्र नीट बघायला हवं. अल्बुकर्कची दाढी कमरेखाली पोचायची, तीच त्याची ओळख. कास्त्रोच्या दाढीची गोष्ट तर विलक्षण आहे. १५४६च्या दीवच्या वेढ्यात त्याचा मुलगा फेर्नांव मारला गेला. किल्ला मोडकळीला आलेला, खजिन्यात पैसा नाही. कर्जाला तारण म्हणून मुलाच्या अस्थी पाठवाव्यात असं त्याच्या मनात होतं, पण प्रेत अजून त्या अवस्थेला आलं नव्हतं. मग त्याने आपल्या दाढीचे केस गोव्याच्या नगरसभेकडे तारण धाडले. लोकांनी पैसे दिले आणि केसही परत केले. हे ठाऊक असलं की चित्रातली दाढी म्हणजे दिलेला शब्द, हे सांगायला दुसरा पुरावा लागत नाही. त्यानंतर तो रोमन सेनापतीच्या थाटात विजयमिरवणूक काढून गोव्यात शिरला; तिचे ब्रसेल्सला विणलेले भव्य चित्रपडदे आज व्हिएन्नात आहेत.

या चित्रांना ब्राँझिनोच्या पंगतीला बसवायचा माझा हट्ट नाही. अंगं ताठ आहेत, पाय जमिनीवर टेकल्यासारखे वाटत नाहीत. शिवाय दमट हवेने रंग उडाले, आणि प्रत्येक पिढीने वरून नवा रंग थापला. तसं करताना कपडेसुद्धा बदलले. पुढे काही चित्रं लिस्बनला नेऊन क्ष-किरणांखाली धरली, तेव्हा वरच्या थराखाली आधीचे चेहरे आणि आधीचे पोशाख निघाले. त्यांतली काही तिकडेच राहिली. म्हणून इथल्या एखाद्या चित्रातला कपडा सोळाव्या शतकाचा म्हणून दाखवण्याआधी थांबावं. तो तीनशे वर्षांनी अंगावर चढलेला असू शकतो.

राजधानी पणजीला हलली तशी चित्रंही गेली, आणि गोवा मुक्त झाल्यावर परत आली. आज ती जुन्या गोव्यात, सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चला लागून असलेल्या मठात, पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात वरच्या मजल्यावर आहेत. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. बहुतेक पर्यटक सेंट झेवियरचं शव ठेवलेलं बॉम जेझस बघून बसकडे वळतात. रस्ता ओलांडायचा तेवढा कंटाळा करू नका. दालनात शिरल्यावर आधी नाव वाचू नका. हात कुठे आहे ते पाहा: तलवारीच्या मुठीवर, दंडावर की कमरेवर. मग कुलचिन्ह, मग दाढी, मग चेहरा. सगळ्यात शेवटी नाव.