ओसंडणारा शोषखड्डा

भारजा नदीच्या मुखाशी वसलेल्या केळशीसारख्या गावांत गटारांचे जाळे नसते. मैलापाणी सेप्टिक टँकमधून शोषखड्ड्यात जाते आणि जमिनीत जिरते. उन्हाळ्यात हे निभते. आषाढात भूजल वर येते, आगरातल्या विहिरी भरतात आणि खड्ड्याभोवती पाणी जिरवणारी कोरडी माती उरत नाही. मग तो ओसंडतो किंवा न दिसता भूजलात मिसळतो; वाळूतून झपाट्याने झिरपणारे पाणी पुरेसे गाळले जात नाही. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलरा पसरला तो विहिरीलगतच्या अशाच गळक्या मैलाकुंडामुळे. म्हणूनच भारतीय मानक शोषखड्डा आणि विहीर यांत निदान १८ मीटर अंतर सांगते. लहानशा आगरात ते सापडणे कठीण. तेव्हा पावसाळ्यात नितळ दिसणारे पाणीही उकळूनच प्यावे.