परत येणारा धातू

एक किलो ॲनिलिन जुन्या पद्धतीने करायचं तर साधारण 1.35 किलो लोखंड लागतं. लेथवरून पडणारा बीडाचा कीस भांड्यात घ्यायचा, त्यात पाणी आणि थोडं आम्ल घालायचं, वरून हळूहळू नायट्रोबेंझिन सोडायचं आणि ढवळत राहायचं. नायट्रोबेंझिनमधला ऑक्सिजन लोखंड ओढून घेतं, ॲनिलिन तयार होतं आणि तळाशी 1.86 किलो काळा लोह-ऑक्साइड बसतो. हे आकडे समीकरणातून निघालेले, म्हणजे सगळं सुरळीत झालं तरचे. प्रत्यक्षात त्या गाळात पाणी असतं, न वापरलं गेलेलं लोखंड असतं आणि त्याला चिकटून राहिलेलं विषारी ॲनिलिनही असतं. कारखान्यातून माल जितका बाहेर पडतो त्याच्या जवळपास दुप्पट गाळ बाहेर पडतो.

तेच ॲनिलिन हायड्रोजन वायू आणि निकेलच्या मदतीने केलं, तर किलोमागे 65 ग्रॅम हायड्रोजन पुरतो आणि शेवटी 390 ग्रॅम पाणी उरतं. निकेल गाळून घ्यायचं आणि पुढच्या बॅचला पुन्हा घालायचं. लोखंड स्वस्त म्हणून वापरलं जातं, पण ते प्रत्येक वेळी खर्ची पडतं. निकेल महाग, प्लॅटिनम तर कितीतरी महाग, पण ते परत येतं. रसायन उद्योगात धातूची खरी किंमत किलोच्या भावावरून ठरत नाही. तो किती वेळा परत येतो यावरून ठरते. उत्प्रेरकांची सव्वाशे वर्षांची कहाणी मला या एका हिशेबाभोवती फिरताना दिसते.

लोखंडावर मात्र अन्याय नको. अँत्वान बेशां या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1854 मध्ये लोखंड आणि ॲसेटिक आम्ल वापरून नायट्रोबेंझिनपासून ॲनिलिन मिळवण्याची रीत दाखवली. दोनच वर्षांनी लंडनमध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनला जांभळा कृत्रिम रंग सापडला, आणि त्या रंगाला लागणारं ॲनिलिन टनांनी करता आलं ते बेशांच्या रीतीमुळे. रंगांचा सगळा उद्योग या लोखंडाच्या भांड्यातून वर आला. पुढे 1925 च्या सुमारास जर्मनीत बायर कंपनीच्या लाउक्स या रसायनज्ञाने क्षारांचं प्रमाण असं जुळवलं, की गाळाऐवजी उत्तम प्रतीचं लोह-ऑक्साइडचं रंगद्रव्य हाती लागावं. पिवळं, काळं आणि भाजल्यावर लाल. क्रेफेल्डजवळच्या उर्डिंगेनचा कारखाना पुढे या रंगद्रव्यांसाठीच ओळखला जाऊ लागला. टाकाऊचा माल करण्याचं इतकं चांगलं उदाहरण रसायन उद्योगात क्वचितच सापडेल. पण त्यासाठी गाळ एकसारखा यावा लागतो. आज एक नायट्रो संयुग, उद्या दुसरं, अशी कामं करणाऱ्या छोट्या कारखान्याच्या गाळापासून रंगद्रव्य होत नाही. तो गाळ घातक कचरा म्हणून पैसे देऊन पुरावा लागतो.

अशाच कचऱ्यामुळे एका कारखान्याला टाळं लागलं, आणि त्यातून रसायनशास्त्राला एक नवं माप मिळालं. नेदरलँड्समध्ये 1980 च्या दशकात फ्लोरोग्लुसिनॉल नावाचं रसायन टीएनटी या स्फोटकापासून बनवलं जात असे. आधी डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्लाने ऑक्सिडेशन, मग लोखंड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाने क्षपण. किलोभर मालामागे क्रोमियम, लोह, अमोनियम आणि पोटॅशियमच्या क्षारांचा सुमारे 40 किलो घन कचरा निघे. कचऱ्याची विल्हेवाट लावण्याचा खर्च मालाच्या किमतीला भिडला आणि उत्पादन बंद झालं. ते बनवणाऱ्या कंपनीत संशोधनाची जबाबदारी असलेल्या रॉजर शेल्डन यांनी 1992 मध्ये ‘ई-फॅक्टर’ मांडला: एक किलो मालामागे किती किलो कचरा. त्यांच्या आकडेवारीत तेलशुद्धीकरणात हा आकडा 0.1 च्या खाली होता आणि औषध उद्योगात 25 ते 100 च्या घरात. ज्या उद्योगाचा माल आपण सर्वांत शुद्ध समजतो, त्याचाच कचरा सर्वांत जास्त निघाला. हे वाचल्यावर औषधाच्या गोळीकडे पूर्वीसारखं पाहता येत नाही, निदान मला तरी.

निकेलची गोष्ट फ्रान्समधल्या तुलूझ शहरात सुरू होते. पॉल साबातिए यांनी सहकारी सांदरां यांच्यासोबत 1897 मध्ये इथिलीन आणि हायड्रोजन बारीक निकेलवरून नेले आणि इथेन मिळवला. निकेल जसंच्या तसं राहिलं. या कामासाठी साबातिए यांना 1912 चं नोबेल मिळालं. दरम्यान जर्मनीत विल्हेल्म नॉर्मान यांनी हीच क्रिया द्रव तेलावर करून दाखवली आणि तेलाचं घट्ट तूप झालं. आपल्याकडे 1930 च्या दशकात मुंबईच्या शिवडीला वनस्पती तुपाचा कारखाना उभा राहिला आणि डालडाचे डबे घरोघर पोचले. तिथेही पडद्यामागे निकेलच होतं. त्याचा तोटा फार उशिरा लक्षात आला. तेलात हायड्रोजन अर्धवट भरला, तर उरलेले काही दुहेरी बंध निकेलवर उलटे वळतात आणि ट्रान्स फॅट तयार होतात. जानेवारी 2022 पासून भारतात तेल-तुपातल्या या चरबीवर 2 टक्क्यांची मर्यादा आहे. उत्प्रेरकाने कचरा केला नाही एवढ्यावर समाधान मानता येत नाही. त्याने नेमकं काय केलं आणि काय करायचं राहिलं, हेही पाहावं लागतं.

तेल घट्ट करण्याच्या धंद्यातूनच मरी रॅनी पुढे आला. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठात तो मेकॅनिकल इंजिनिअर झाला. रसायनशास्त्राची पदवी त्याच्याकडे नव्हती. टेनेसी राज्यात चॅटनुगा इथे सरकीचं तेल घट्ट करणाऱ्या कंपनीत तो होता, आणि निकेल जास्त कामसू कसं करता येईल हा त्याचा रोजचा प्रश्न होता. सिलिकॉनवर कॉस्टिक सोडा टाकला की हायड्रोजन सुटतो, हे उद्योगात माहीत होतं. रॅनीने निकेल आणि सिलिकॉन एकत्र वितळवून मिश्रधातू केला, त्याची पूड केली आणि ती कॉस्टिकमध्ये टाकली. सिलिकॉन विरघळून गेलं, निकेल मागे राहिलं, आणि ते नेहमीच्या निकेलपेक्षा कितीतरी तेज निघालं. त्याचं पेटंट 1925 चं. सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम घेऊन त्याने 1927 मध्ये दुसरं पेटंट घेतलं. निकेल आणि ॲल्युमिनियम वजनाने निम्मे-निम्मे हे त्याने निवडलेलं प्रमाण आजही चालतं.

यातली युक्ती काढून घेण्याची आहे. ॲल्युमिनियम विरघळून बाहेर पडतं आणि त्याच्या जागी पोकळ्या राहतात. उरलेल्या निकेलच्या एका ग्रॅमला साधारण 100 चौरस मीटर पृष्ठभाग असतो, म्हणजे हजार चौरस फुटांच्या फ्लॅटहून थोडा जास्तच. हायड्रोजनचा रेणू या पृष्ठभागावर येऊन फुटतो आणि त्याचे सुटे अणू निकेलला धरून बसतात. नायट्रोबेंझिनचा नायट्रो गट शेजारी टेकला की एकामागून एक सहा अणू त्याच्याकडे जातात, पाण्याचे दोन रेणू सुटतात आणि ॲनिलिनसारखं अमाइन पृष्ठभाग सोडून निघून जातं. जागा पुन्हा मोकळी होते.

रॅनी निकेल पाण्याखाली ठेवतात. दिसायला राखाडी चिखल. पाणी आटलं आणि हवा लागली की ते आपोआप पेटतं, कारण धातू अतिशय बारीक असतो आणि त्याच्या अंगात हायड्रोजन मुरलेला असतो. त्यामुळे या कामाचं कसब प्रयोगशाळेपेक्षा शॉप-फ्लोअरवर जास्त कळतं. ऑटोक्लेव्हमध्ये माल चार्ज केला की आधी नायट्रोजनने हवा घालवायची, मग हायड्रोजनने नायट्रोजन. बॅच संपल्यावर त्याच्या उलट क्रमाने. गाळताना फिल्टरवरचा केक क्षणभरही कोरडा पडू द्यायचा नाही. क्रिया चालू असताना उष्णता प्रचंड सुटते: ॲनिलिनच्या बाबतीत किलोमागे जवळपास 6 मेगाज्यूल, ज्यात अडीच किलो उकळत्या पाण्याची वाफ होईल. कूलिंग कमी पडलं की तापमान हाताबाहेर जातं. दुसरा धोका छुपा. नायट्रोपासून अमाइनपर्यंत जाताना वाटेत हायड्रॉक्सिलअमाइन लागतं, आणि उत्प्रेरक थकलेला असेल तर ते भांड्यात साचत जातं. दाबाचा काटा स्थिर झाला, हायड्रोजन घेणं थांबलं, म्हणून बॅच पूर्ण झाली असं समजणं तेव्हा घातक ठरू शकतं. नमुना काढून तपासल्याशिवाय पुढे न जाणारा ऑपरेटर अशा प्लांटची खरी सुरक्षा असतो.

उत्प्रेरक थकतो कशाने? बहुतेकदा गंधकाने. मालात गंधकाचा अंश असेल तर तो निकेलच्या जागा अडवून बसतो आणि सोडत नाही. पण हेच विष कधी मुद्दाम दिलं जातं. रंग आणि औषधांच्या अनेक मध्यस्थ रसायनांत नायट्रो गटाबरोबर क्लोरिनही असतो. तेज उत्प्रेरक नायट्रोचं अमाइन करता करता क्लोरिनही उखडतो, आणि माल वाया जातो. म्हणून कार्बनवर बसवलेल्या प्लॅटिनमला थोडं गंधक पाजतात. त्याची धार कमी होते, नायट्रोवर तो चालतो आणि क्लोरिनला हात लावत नाही. चांगला उत्प्रेरक म्हणजे सर्वांत तेज उत्प्रेरक, हा समज इथे मोडतो. कुठे थांबायचं हे ज्याला कळतं, तोच कामाचा.

थांबण्याचं सर्वांत सुंदर उदाहरण पॅरासिटामॉलच्या मागे आहे. ही गोळी पॅरा-अमिनोफिनॉलपासून बनते, आणि ते रसायन बनवण्याचा जुना रस्ता लांब होता. आधी क्लोरोबेंझिनचं नायट्रेशन. त्यात नको असलेला ऑर्थो जोडीदारही मोठ्या प्रमाणात येतो, तो वेगळा काढायचा. मग कॉस्टिकने पॅरा-नायट्रोफिनॉल. मग पुन्हा लोखंड, पुन्हा काळा गाळ. दुसरा रस्ता थेट नायट्रोबेंझिनपासून जातो. सौम्य सल्फ्युरिक आम्लात प्लॅटिनमवर हायड्रोजन द्यायचा आणि क्रिया अर्ध्यावर, हायड्रॉक्सिलअमाइनच्या टप्प्यावर, पकडायची. तो रेणू धातू सोडून आम्लात उतरला की आम्ल त्याची फेररचना करून त्याचं पॅरा-अमिनोफिनॉल करतं. धातूवर तो जास्त वेळ रेंगाळला तर ॲनिलिन होऊन बसतो. एकाच भांड्यात धातू आणि आम्ल यांची शर्यत लागलेली असते, आणि सगळं कौशल्य आम्लाला जिंकू देण्यात आहे. ढवळण्याचा वेग, हायड्रोजनचा दाब, तापमान, उत्प्रेरकाचं प्रमाण यांतलं काहीही हललं की निकाल बदलतो.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रघुनाथ चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शर्यतीचा बारकाईने अभ्यास केला आणि 1999 मध्ये तो प्रसिद्ध केला. पाषाण रस्त्यावरच्या, 1950 मध्ये उघडलेल्या या प्रयोगशाळेने उत्प्रेरकांचं काम कारखान्याच्या अडचणींच्या जवळ ठेवलं, हे तिचं मोठेपण मी मानतो. वायू, द्रव आणि घन एकाच भांड्यात असताना कोणती पायरी सर्वांत सावकाश चालते, हे कळल्याशिवाय मोठा रिॲक्टर बांधता येत नाही.

या कामाचं महत्त्व देशाला 2020 मध्ये कळलं. 3 मार्च 2020 रोजी केंद्र सरकारने पॅरासिटामॉलसह 26 औषधी घटक आणि औषधांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, कारण चीनमधून येणारा कच्चा माल अडकला होता. त्याच वर्षी आणलेल्या उत्पादन-प्रोत्साहन योजनेच्या यादीत पॅरा-अमिनोफिनॉलही होतं, आणि ते बनवण्यासाठी निवडलेल्या कंपन्यांमध्ये साधना नायट्रो केमचं नाव होतं. तिचा कारखाना रोह्याला आहे.

प्लॅटिनमचा रस्ताही पूर्ण स्वच्छ नाही, हे सांगायला हवं. आम्ल शेवटी उदासीन करावं लागतं आणि सल्फेटचं मीठ उरतं. हायड्रोजनही आज बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूपासून बनतो, आणि त्याच्या एका किलोमागे 9-10 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या हिशेबाने किलोभर ॲनिलिनमागे सहाशे-साडेसहाशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आला. लोखंडाच्या गाळापेक्षा हे नक्कीच बरं, पण शून्य नाही. निकेलच्या खाणींचं ओझं आणखी वेगळं.

स्वस्त धातूलाच उत्प्रेरक बनवण्याचे प्रयत्न म्हणून महत्त्वाचे. जर्मनीत रॉस्टॉक इथे माथियास बेलर यांच्या गटाने, ज्यात राजेनहळ्ळी जगदीश आघाडीवर होते, 2013 मध्ये लोह-ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण नायट्रोजनयुक्त कार्बनच्या थरांत गुंडाळून नायट्रो संयुगांचं हायड्रोजनेशन करून दाखवलं. लोखंड खर्ची न पडता नुसतं काम करून बाजूला झालं, आणि शेजारचे नाजूक गट शाबूत राहिले. दाब आणि तापमान मात्र निकेलपेक्षा चढं लागतं, त्यामुळे कारखान्यातली जागा अजून निकेल, पॅलेडियम आणि प्लॅटिनमकडेच आहे.

छोटा कारखानदार आजही बीडाचा कीस का वापरतो, याचं उत्तर रसायनशास्त्रात नाही. लोखंडाच्या रीतीला साधं भांडं आणि ढवळणी पुरते. हायड्रोजनेशनला दाबाचा रिॲक्टर, हायड्रोजनचा साठा, ज्वालारोधक विद्युत साहित्य आणि शिकलेली माणसं लागतात, तीही तिन्ही शिफ्टना. एवढं भांडवल वर्षाला थोडे टन माल करणाऱ्याला झेपत नाही. औद्योगिक वसाहतींत सांडपाण्यावर प्रक्रिया करणारी सामाईक केंद्रं आपण उभारली, म्हणजे घाण झाल्यावर एकत्र आलो. माझ्या मते त्याच्या एक पाऊल आधी एकत्र यायला हवं: वसाहतीत एक सामाईक हायड्रोजनेशन प्लांट, जिथे कोणीही आपलं नायट्रो संयुग जॉबवर्कसाठी आणावं आणि अमाइन घेऊन जावं, आणि थकलेलं निकेल-प्लॅटिनम एका जागी गोळा होऊन वितळवणाऱ्याकडे जावं. त्या प्लांटमध्ये मालागणिक उत्प्रेरक बदलावा लागेल, भांडी धुण्यात वेळ जाईल, आणि एकाच्या मालातलं गंधक दुसऱ्याच्या बॅचला बाधेल. या तिन्ही अडचणींवर काम करायला पुण्यात आणि मुंबईत पुरेशी माणसं आहेत.