पोथीची नोंद

भांडुपला आमच्या शेजारच्या काकांच्या देवघरात लाल रुमालात बांधलेली एक पोथी आहे. कोकणातलं घर पडलं तेव्हा ती इथे आली. तिची रीतसर नोंद करायला बसलो, तेव्हा नमुना म्हणून मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या हस्तलिखितांच्या सूची डोळ्यांपुढे होत्या. भगवतसिंहजी आणि भडकमकर या संग्रहांची सूची देवस्थळी यांनी केली, ती 1944 साली निघाली. ‘गुजराती’ साप्ताहिकाचे संपादक इच्छाराम सूर्यराम देसाई यांच्या संग्रहाची सूची ह. दा. वेलणकरांची, 1953 सालची. देसाईंचा संग्रह त्यांच्या नावाने एकत्र राहिला, हे मला फार मोलाचं वाटतं. एका माणसाने काय काय जवळ बाळगलं, ते त्यातूनच कळतं.

सुरुवात मोजणीने. 48 पानं, दर बाजूला 9 ओळी, ओळीत साधारण 36 अक्षरं. 32 अक्षरांचा एक ‘ग्रंथ’ धरायचा. जुन्या काळी लेखनाचं माप हेच. 96 गुणिले 9 गुणिले 36, भागिले 32 : 972 ग्रंथ. अखेरीस लेखनिकाने आकडा दिला असेल तर तो पडताळायचा. फार कमी भरलं तर पानं गळाली असं समजायचं.

कसरीने समास खाल्लाय, अक्षरं शाबूत आहेत. चुकलेल्या अक्षरांवर पिवळी हरताळ लावलेली आहे. शेवटच्या पानावर शके 1768, पराभव संवत्सर. हेही तपासावं लागतं. शकात 12 मिळवून 60 ने भागलं की बाकी उरते 40, आणि चाळिसावा संवत्सर पराभवच. जुळलं. जुळलं नसतं तर लेखनिक चुकला की कुणी मागाहून तारीख घातली, हा शोध सुरू झाला असता. जुळलं तरी जुन्या प्रतीवरची तारीख तशीच उतरवलेली असू शकते, म्हणून कागद आणि अक्षराचं वळणही बघायचं. वेलणकर-देवस्थळींनी हे एकेका पोथीपाशी बसून केलं. अशा नोंदीवाचून संग्रह म्हणजे नुसती बंद कपाटं.

नोंद झाल्यावर काकांनी घरातल्या एका कपाटातून त्यांच्या वडिलांच्या कारखान्यातल्या युनियनची पत्रकं काढली, बोनसच्या करारासकट. म्हणाले, “ही रद्दीत देऊ ना?” मी नको म्हटलं. इथल्या एलबीएस मार्गावरचे कितीतरी कारखाने जाऊन टॉवर उभे राहिले. तिथल्या कामगारांचा इतिहास लिहायचा तर असेच कागद लागतील. काका, क्रम मोडू नका, टाचण्या काढा, गंजतात. विद्यापीठाला द्यायचे तर वडिलांच्या नावाने एकत्रच द्या, आणि सोबत यादी.