हिंगण्याच्या माळावर सोल्डरिंग

फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे तास संपले की धोंडो केशव कर्वे पायी हिंगण्याची वाट धरत. विधवांच्या आश्रमासाठी 1900 साली गावाबाहेरच्या त्या माळावर एक झोपडी उभी राहिली होती. जमीन रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी दिली, वर बांधकामाला साडेसातशे रुपये. त्या माळाला आता कर्वेनगर म्हणतात. झोपडी स्मारक म्हणून जपली आहे आणि 1991 पासून त्या आश्रमातूनच वाढलेल्या संस्थेचं मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज तिथं आहे. महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचं कमिन्स कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग फॉर विमेन, असं लांबलचक नाव. पुण्यात नुसतं ‘कमिन्स’ म्हटलं की पुरतं. इंजिनं बनवणाऱ्या कंपनीचं नाव मुलींच्या कॉलेजला लागावं, हे मला पहिल्यापासून आवडत आलंय.

झोपडीपासून इथवर यायला नव्वद वर्षं लागली. कर्व्यांनी 1916 साली महिला विद्यापीठ काढलं, त्यात गृहशास्त्राला आणि आरोग्याला मानाची जागा होती. आज त्यावर नाक मुरडणं सोपं आहे. पण ज्या काळी बाईनं शिकणंच अंगावर यायचं, त्या काळी घराच्या दारातूनच वाट काढावी लागे. यंत्रांची दारं तर फारच उशिरा किलकिली झाली. लीला पूनावाला 1967 साली पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून मेकॅनिकल इंजिनिअर झाल्या, तेव्हा ती नवलाची गोष्ट होती. 1974 साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलेलं पाहून बंगळुरूत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णींनी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्तींनी, थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड धाडलं. नोकरी मिळाली, पुण्याच्या कारखान्यातही त्या रुजू झाल्या. पण प्रत्येक मुलीनं एकेक पोस्टकार्ड लिहायचं म्हटलं तर किती पिढ्या जातील?

मुलींसाठी वेगळं कॉलेज कशाला, हा प्रश्न मलाही पडायचा. उत्तर प्रयोगशाळेतल्या टेबलापाशी सापडतं. मुलामुलींचा एकत्र गट असला की काय होतं, हे ज्यानं ते टेबल पाहिलंय त्याला ठाऊक आहे. पक्कड मुलाच्या हातात आणि जर्नल मुलीच्या. कुणी तसं सांगत नाही, वाईट हेतूही नसतो. पोरानं घरी सायकलची चेन बसवलेली असते, पोरीला ती बसवू दिलेली नसते, एवढंच. गटात चारही मुली असल्या की मात्र जर्नल लिहायला चौघी पुढं येऊन भागत नाही. सोल्डरिंग कुणाला तरी करावंच लागतं.

आणि सोल्डरिंग हात भाजल्याशिवाय येत नाही. कुठल्याही कॉलेजात रोबोटिक्सची सुरुवात बहुधा एका साध्या गाडीनं होते. खाली दोन सेन्सर, मागं दोन मोटरी, मध्ये एक बोर्ड आणि जमिनीवर चिकटवलेली काळी पट्टी. पांढऱ्या जमिनीवरून इन्फ्रारेड उजेड परत येतो, काळी पट्टी तो गिळून टाकते. डाव्या सेन्सरखाली काळं आलं की डावी मोटर थांबवायची. उजवी चालू राहते, गाडी डावीकडं वळते. कोडिंग म्हणून ज्याचा एवढा बोभाटा, ते मुळात एवढंच: असं झालं तर तसं कर. कोड तासाभरात लिहून होतो. मग गाडी जागेवरच गरगर फिरते. मोटरीच्या वायरी उलट जोडल्यात, की बॅटरी उतरलीय, की एखादा जोड कच्चा राहिलाय, हे शोधता शोधता रात्र होते. मुलगी इंजिनिअर होते ती त्या रात्री.

आता कडू भाग. पुष्कळ आईबाप इथं मुलीला धाडतात ते रोबोटसाठी नव्हे. मुलींचं कॉलेज, मुलींचं हॉस्टेल, घोर नाही, म्हणून. जुन्याच भीतीनं नवं दार उघडलं म्हणायचं. उघडलं ना, मग मी तक्रार करणार नाही.

मात्र ‘हे काम ताकदीचं’ ही सबब आता चालणार नाही.  उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलच्या आवारात कंटेनर उचलणाऱ्या क्रेन दुरून, खोलीत पडद्यासमोर बसून चालवतात. केरळात विळिंजमच्या बंदरात तसल्या स्वयंचलित क्रेनवर कोळीवाड्यांतल्या मुली बसल्यासुद्धा. ज्यांच्या जमिनींवर न्हावा शेवा उभं राहिलं, त्या गावांतल्या मुलींना त्या खोलीची वाट कुणी दाखवायची?

वाट दाखवायची म्हणजे नेमकं काय करायचं, ते पुण्यातल्याच एका खेळात दिसलं होतं. रोबोकॉन ही आशिया-पॅसिफिकमधल्या कॉलेजांची रोबोट स्पर्धा ऑगस्ट 2014 मध्ये बालेवाडीला भरली होती. यजमान देश खेळ ठरवतो. भारतानं ठरवला पालकत्वाचा! दोन रोबोट, एक पालक, एक मूल. पालक माणसाच्या इशाऱ्यावर चालणारा, मूल स्वयंचलित. पालकानं मुलाला उचलून सी-सॉवर न्यायचं, खांबांवरून चालवायचं, झोक्यावर बसवायचं. शेवटी जंगल जिम. तिथं पालकानं नुसतं पायथ्याशी आणून सोडायचं, वर मुलानं आपलं आपण चढायचं. टोकाला पोचून त्यानं झेंडा फडकावला की सामना तिथंच संपे. त्या विजयाला नियमांत नाव दिलं होतं, ‘शाबास’.