झिडोव्ह्यूडिन : मध्येच खुंटणारी साखळी

‘प्रतिलेखन’ हा शब्द जीवशास्त्राने आम्हा भाषाभ्यासकांच्याच दालनातून उचलला आहे. तेव्हा या विषयात डोकावण्याचा थोडा अधिकार आम्हांसही असावा.

एच.आय.व्ही. विषाणूचा मजकूर आर.एन.ए.च्या रूपात असतो. पेशीत शिरल्यावर तो डी.एन.ए.मध्ये उतरविण्याचे काम विषाणूचे ‘उलट प्रतिलेखक’ हे विकर करते. १९६४ साली हॉर्विट्झ यांनी कर्करोगासाठी घडविलेले व तेथे निरुपयोगी ठरलेले झिडोव्ह्यूडिन नेमके येथे कामी आले. त्याची घडण थायमिडिनसारखीच. भेद एवढाच, की शर्करेच्या तिसऱ्या कार्बनावर हायड्रॉक्सिलऐवजी ॲझाइड गट असतो. पेशीच त्यास तीन फॉस्फेटे जोडते. विकर त्यास खरा घटक समजून साखळीत बसविते, आणि पुढील घटक जोडावयास हायड्रॉक्सिलच नसल्याने साखळी तेथेच खुंटते. क्रियापदापूर्वीच वाक्य तुटावे तशी.

परंतु हे विकर नक्कल करताना वारंवार चुकते, आणि त्या चुकांतूनच औषधास न जुमानणारे विषाणू निपजतात. १९८७ साली एकट्याने वापरात आलेल्या या औषधाचा प्रभाव म्हणूनच टिकला नाही. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली. पेशीच्या डी.एन.ए.त आधीच सामावलेला मजकूर मात्र त्यांनीही पुसला जात नाही. उपचार थांबताच तो पुन्हा वाचला जाऊ लागतो.